एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ : सात-आठ महिने घेतल्यानंतर

पॅनिक अटॅक (अचानक उसळणारी तीव्र भीती) आणि त्यामागोमाग आलेलं नैराश्य, यासाठी ही गोळी सुरू झाली. आधी ५ मिग्रॅ, मग १०. वय चाळिशीचं, नोकरी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, क्वालिटी विभागात. सुरू केली तेव्हा पावसाळा सरत होता, आता द्राक्षांचा हंगामही उरकलाय.

बहुतेक लोक जिथे गोळी सोडतात तिथूनच सुरुवात करतो. त्रास पहिल्या दिवसापासून होतो, गुण मात्र दोन ते सहा आठवड्यांनी येतो. मळमळ, पोट बिघडणं, सारख्या जांभया, रात्री दरदरून घाम. धडधड आणि बेचैनी तर काही दिवस वाढलीच. डॉक्टर मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं म्हणून तग धरला. बायकोलाही म्हणाल्या होत्या, "सुरुवातीला यांच्याकडे लक्ष ठेवा, मनाने गोळी बंद करू देऊ नका." घरात पंचविशीच्या आतलं कुणी नैराश्यावरची ही औषधं सुरू करत असेल तर जास्तच लक्ष ठेवा. या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००४ मध्ये मुलांसाठी तसा ठळक इशारा सक्तीचा केला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. असं काही जाणवलं तर लगेच डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

गोळी करते काय? मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन सोडतात आणि काम झालं की परत आत ओढून घेतात. गोळी हे परत ओढणं अडवते. ते काही तासांतच होतं, पण वाढलेल्या सेरोटोनिनशी पेशी जुळवून घेतात ते हळूहळू, आणि आराम त्यानंतर पडतो. 'सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं' असं सर्रास सांगतात. ते फार ढोबळ आहे, त्यावरून स्वतःला 'डोक्यात काहीतरी कमी असलेला' समजू नका.

कामावर जाणवला तो हाताचा कंप. शाफ्टचा व्यास घेताना मायक्रोमीटरचं थिंबल (फिरवायची मूठ) फिरवायला गेलो की बोटं बारीक थरथरायची आणि रीडिंग दोनदा घ्यावं लागायचं. चहा कमी केला, पुढे कंपही बराच उतरला. सुरुवातीला सोबत क्लोनाझेपाम ही घबराट शमवणारी गोळी होती. ती लगेच शांत करते आणि म्हणूनच तिची सवय लागते. पहिल्या पाळीला डोळे जड व्हायचे. मॅडमनी काही आठवड्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद केली, ते फार बरं झालं.

गुण आला तो असा : भद्रकालीतून बाजार करून येताना मुंबई नाक्याला गाडी अडकली की पूर्वी श्वास पुरायचा नाही, हेल्मेट काढून फेकावंसं वाटायचं. एका संध्याकाळी पाथर्डी फाट्यापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, सिग्नलला छातीत काही झालंच नाही.

पण भीतीबरोबर बाकीच्या भावनांची धारही थोडी बोथट झाली. शिवजयंतीच्या मिरवणुकीत नाशिक ढोल दणदणत होता आणि दरवर्षी अंगावर येणारा काटा यंदा आला नाही. याचं मला वाईट वाटलं. मॅडमना सांगितलंय, डोस बदलता येतो म्हणाल्या.

आणि ज्यावर पुरुष बोलतच नाहीत ते : शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, वीर्यपतनाला फार वेळ लागतो. बायकांनाही इच्छा आणि तृप्ती दोन्हींत अडचण येते. या गटातल्या औषधांचा हा अगदी नेहमीचा त्रास आहे आणि तो आपोआप जाईलच असं नाही. लाजून गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डोस कमी करणं, औषध बदलणं, असे मार्ग असतात. माझ्या मते हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं.

वजन थोडं वाढलं. निफाडच्या मामांना ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची वेगळ्या गटातली गोळी आहे, त्यांचं वजन खूप वाढलं आणि साखरही तपासत राहावी लागते. तेव्हा एकाच्या गोळीवरून दुसऱ्याच्या गोळीचा अंदाज बांधू नका. एस्सिटालोप्राम चालू असताना अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा ट्रॅमाडॉल परस्पर घेऊ नका. पहिलीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, दुसरीने सेरोटोनिन घातक पातळीला जाऊ शकतं.

मध्ये जोडून सुट्ट्या आल्या आणि दुकानात स्ट्रिपच मिळाली नाही. गोळीत खंड पडला तसं मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं, शिवाय चक्कर आणि चिडचिड. गोळी सुरू झाल्यावर थांबलं. याला व्यसन म्हणत नाहीत. गोळीची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण एकदम बंद करायची नाही हे मात्र खरं.

पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने घ्यायची आणि मग उतरवत न्यायची, असं ठरलंय. त्यामुळे दिवाळीपर्यंत तरी रोज सकाळी नाश्त्यानंतर १० मिग्रॅ चालू.