आगीशिवाय डबा गरम करणारी पिशवी: चीज भारी, पण पाकीट कोरडं मिळालं तरच

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात ही पाकिटं मिळाली, ५० ग्रॅमचं एक, ९० रुपये. सोबत जाड प्लॅस्टिकची पिशवी देतात, तिच्यात पाकीट टाकायचं, बाटलीतलं थोडं पाणी ओतायचं, वर डबा ठेवायचा आणि तोंड मिटायचं, गॅस नको काडेपेटी नको. ब्रँडचं नाव सांगत बसत नाही कारण आतला मसाला सगळ्यांचा जवळपास एकच असतोय. माझ्याकडनं ५ पैकी साडेतीन स्टार, आणि दीड का कापला ते खाली येतंयच.

आधी चांगलं सांगतो. पावसाळ्यात मसाई पठारावर गेलाय काय कधी? वारं असं असतंय की स्टोव्ह पेटवायला चौघं गोल करून बसले तरी विझतोय, आणि पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्या मंडळींचे डबे दुपारपर्यंत पार गारढोण झालेले असतात. तिथं ही पिशवी म्हणजे नादखुळा काम आहे. पाणी घातल्यावर थोडा वेळ काहीच होत नाही, माणूस म्हणतोय फसलो राव, आणि मग एकदम चर्र आवाज येऊन पिशवी फुगायला लागते आणि भोकातनं वाफ. दहा-पंधरा मिनिटांत स्टीलच्या डब्यातला रस्सा चटका बसेल इतका तापतो. पांढरा रस्सा सुद्धा नेलता, स्टोव्हवर जरा दुर्लक्ष झालं की तो फाटतो, इथं जोरात उकळीच फुटत नसल्यामुळं शाबूत राहिला. प्लॅस्टिकचा डबा मात्र नेऊ नका, त्यातनं उष्णता आत शिरायलाच वेळ लागतो, तोपर्यंत पाकीट थंड.

आता आत काय आहे ते बघा, कारण जाहिरातीत ‘खास टेक्नॉलॉजी’ वगैरे लिहिलंय. मुख्य माल आहे कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. पूर्वी दिवाळीच्या आधी घराला सफेदी द्यायला पिंपात चुना विझवायचे आणि आज्जी पोरांना लांब हाकलायची, तीच ही रिॲक्शन. ५६ ग्रॅम चुना पाण्याशी जुळला की साधारण ६५ किलोजूल उष्णता बाहेर पडते. पण ही उष्णता फुकटातली नाही. चुनखडीचा दगड भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजतात तेव्हा १०० ग्रॅम दगडामागं १७८ किलोजूल त्यात घालावे लागतात, मग ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ ग्रॅम चुना उरतो. त्या १७८ मधले ६५ आपल्या डब्याला मिळतात. उरलेले ११३ कधी येतात माहितीय? तो विझवलेला चुना भिंतीवर बसून हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा दगड होतो तेव्हा. पण ते इतकं सावकाश होतं की भिंतीला हात लावून कुणाला काही कळत नाही. म्हणजे पठारावर आपण जेवण गरम करतो ते कुठल्यातरी भट्टीवाल्याच्या जळणावर.

हा हिशोब कळला की ‘दोन मिनिटात खळखळ उकळी’ ही पाकिटावरची थाप लगेच उघडी पडते. ५० ग्रॅम सगळा चुनाच धरला तर ५८ किलोजूल होतात. ३०० ग्रॅम रस्सा आणि खालचं १०० मिली पाणी मिळून एक अंश तापवायला १.७ किलोजूलच्या आसपास लागतात, म्हणजे एक थेंब वाफ वाया गेली नाही तरी तापमान चढणार ३५ अंश, २५ वरनं ६० पर्यंत. म्हणून कंपन्या थोडी ॲल्युमिनियमची पावडर मिसळतात, तिची उष्णता ग्रॅममागं चुन्याच्या दहापटीहून जास्त आहे. तरी पण हे गार झालेलं गरम करायचं साधन आहे, कच्चा तांदूळ शिजवायचं नाही, रिव्ह्यूमध्ये ‘भात कच्चा राहिला’ म्हणून एक स्टार देणाऱ्यांनी जरा दम खावा.

पाण्याचं माप पाळा. लोकांना वाटतंय जास्त ओतलं की जास्त तापेल. चुना तेवढाच असला की किलोजूल पण तेवढेच, वरचं पाणी तापवण्यातच ते संपतात आणि डबा कोमट राहतो. पाणी फार थंडगार असेल तर सुरू व्हायला उशीर लागतो एवढंच, एकूण उष्णतेत त्यानं फारसा फरक पडत नाही.

आता तक्रार. घेतलेल्यातलं एक पाकीट गच्च फुगलेलं निघालं, पाणी घातलं तर नुसतं कोमट झालं. वरच्या फॉइलला बारीक छिद्र होतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत चुना आतल्या आत दमट होऊन हळूहळू विझत गेला, म्हणजे जी उष्णता डब्याला मिळायची ती दुकानाच्या फळीवरच संपली. दुकानदाराचं उत्तर काय, तर ‘पाणी कमी पडलं असंल भावा’. ९० रुपयातले निम्मे तर आपण माल कोरडा ठेवण्याचेच देतोय की, तेच नीट नसेल तर काय उपयोग? एक स्टार तिथं गेला.

अर्धा स्टार सूचनांसाठी. ॲल्युमिनियममुळं हायड्रोजन सुटतो, तो पेट घेतो, म्हणून बंद तंबूत किंवा गाडीत वापरायची नाही आणि शेजारी सिगारेट तर अजिबात नको. ही ओळ मराठीत मोठ्या अक्षरात पाहिजे होती, ती मागं मुंगीएवढ्या इंग्रजीत आहे. उरलेलं पाणी पण जबरदस्त अल्कली असतं, तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून पोरांच्या डोळ्याला इजा होते ते ऐकलंच असेल. तेव्हा पठारावर ओतू नका, जनावरं चरतात तिथं, पिशवीसकट खाली आणा.

यासोबत एक कोल्ड पॅक फ्री मिळाला, दाबला की आतली पाण्याची पिशवी फुटते आणि युरिया विरघळून गार होतो. फवारणीला बादलीत युरिया कालवणाऱ्याला हे नवीन नाही, बादली गार लागतेच. शाहू स्टेडियमवर मॅचमध्ये कुणाचा घोटा मुरगळला तर बरा, पण युरिया ग्रॅममागं २५० जूलच्या आसपास ओढून घेतो आणि बर्फ वितळताना ३३४, त्यामुळं बर्फ मिळत असेल तिथं यावर पैसे घालवू नका.

पुढच्या लॉटला फॉइल जाड येणार म्हणे. तोपर्यंत काउंटरवरच प्रत्येक पाकीट दाबून बघा, आतली पुडी सैल हलली पाहिजे, गच्च लागली तर बदलून मागा.