गुहेत जाताना घोडा कुणाकडे ठेवायचा? मॅमथ केव्हजवळच्या हॉर्स कॅम्पवर तीन रात्री

आधीच सांगते, कॅम्पचं नाव लिहिणार नाही. मालकीणबाई भल्या आहेत आणि मला त्यांच्या दोरीबद्दल बरंच बोलायचं आहे. केंटकीतल्या मॅमथ केव्ह नॅशनल पार्कच्या उत्तर हद्दीला लागून, एवढा पत्ता पुरे. ऑक्टोबरात आम्ही दोघं आणि आमची दोन जनावरं तिथे तीन रात्री राहिलो. सर्जा चौदा वर्षांचा. (‘हे बैलाचं नाव आहे’, इति माझा भाऊ, व्हिडिओ कॉलवर.) घोडी जिंजर, नाव तिच्यासोबतच आलेलं, घरात ती आलेबाई. माझ्या आजोबांचा मिरज स्टेशनवर टांगा होता, त्यामुळे मला घोड्याची भीती नाही. नवऱ्याला आहे. तो सर्जाला अजून ‘अहो’ म्हणतो.

गुहा, नदी आणि जंगलातल्या वाटा एकाच सहलीत बसवायच्या असतील तर अडचण नकाशावर आहे. पार्कातल्या घोड्याच्या वाटा ग्रीन नदीच्या उत्तरेला, सगळ्या मिळून साठ मैलांच्या वर. गुहेच्या सहली निघतात दक्षिणेकडून. घोडा काही गुहेत येत नाही. मग तुम्ही जमिनीखाली असताना तो कुणाच्या भरवशावर? त्या भागातल्या चार ठिकाणी मी फोनवर हाच प्रश्न विचारला. तिघांनी ‘बांधून जा, काही होत नाही’ म्हटलं. चौथ्या ठिकाणी बाई म्हणाल्या, ‘माझी मुलगी बसते त्यांच्यापाशी, तासाला बारा डॉलर.’ तिथेच बुकिंग केलं. जागेचे रात्रीला पस्तीस, शिवाय घोड्यामागे दहा.

इंडियानातल्या ब्लूमिंग्टनहून ट्रेलर घेऊन निघालो, वाटेत दोनदा थांबून पाणी दाखवलं, साडेपाच तास लागले. पोचल्यावर बाईंनी चष्मा लावून आधी कागद पाहिले: वर्षाच्या आतली कॉगिन्स, म्हणजे घोड्यांच्या संसर्गजन्य अ‍ॅनिमियाची रक्तचाचणी, आणि राज्य ओलांडलं म्हणून व्हेटचा तीस दिवसांच्या आतला दाखला. तोवर ट्रेलरचं दार उघडू दिलं नाही. नवरा कुरकुरला, मला मात्र तिथेच हायसं वाटलं. जी बाई आमचे कागद तपासते, ती शेजारच्या तंबूवाल्यांचेही तपासत असणार.

दुसरी आवडलेली गोष्ट झाडांची. घोडे बांधतात त्या भागात एकही तांबडा मेपल नव्हता, नुसते तोडलेले बुंधे. त्याची वाळायला लागलेली पानं घोड्याच्या पोटात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, जनावर दगावूही शकतं. आणि ऑक्टोबर म्हणजे पानगळीचाच महिना. सगळ्यात सुंदर दिसणारी झाडं तोडून टाकायला धंद्याच्या माणसाला जिवावर येतं. बाईंनी तोडली होती.

आता दोरी. इथे घोडे हायलाइनला बांधतात: दोन झाडांमध्ये, घोड्याच्या डोक्यापेक्षा उंच, सात-एक फुटांवर ताणलेली दोरी, झाडाची साल सोलू नये म्हणून बुंध्याला रुंद पट्टे. आमच्या आजोबांची आगाडी-पिछाडी जमिनीवरच्या खुंट्यांना, हे प्रकरण हवेत. कॅम्पची दोरी ताणलेली तयारच होती, म्हणून आमची ट्रेलरमध्येच राहिली. रात्री दोनच्या सुमाराला खणखणीत आपटल्याचा आवाज आला. रात्रभर दोन घोड्यांनी ओढून दोरी मधोमध पोटासारखी लोंबली होती, त्यामुळे सर्जाला तिला बांधलेला दोर जमिनीला टेकला आणि त्याचा पुढचा डावा पाय त्या दोरावरून पलीकडे गेला. तो तीन पायांवर उभा, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, नाकातून फुर्र फुर्र. नवरा डोक्याला टॉर्च लावून त्याच्यापुढे, ‘अहो, थांबा, अहो, पाय...’ मी गाठ ओढली. पटकन सुटणारी होती म्हणून सुटली. खुराच्या वर बोटभर साल निघाली होती, बाकी काही नाही. उरलेली रात्र आमची दोरी बांधण्यात गेली.

सकाळी बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘नवीनच आहे, पहिल्या पावसात सैलावते.’ माहीत होतं तर सांगायचं नाही का? पहिल्या रात्रीचे पैसे त्यांनी न मागता परत केले, हेही लिहायला हवं. पण जाहिरातीत ‘नदीकाठी’ लिहिलंय ते काढून टाका म्हटलं, त्यावर नुसत्या हसल्या. नदी तीन मैलांवर आहे आणि उतार असा की घोड्याला तिथे पाणी पाजणं विसरा. पाणी कॅम्पच्या नळाचं. ओळखीचा वास नसला की पुष्कळ घोडे पाण्याला तोंड लावत नाहीत, आणि पाणी तोडलं की पोटदुखी आलीच. म्हणून निघण्याआधी आठ दिवस घरच्या बादलीत गुळाचा खडा विरघळवत होते. कॅम्पवरही तोच खडा. सर्जाने डोळे मिटून बादली संपवली. आलेबाईंनी आधी तासभर नाटकं केली.

वाटांबद्दल तक्रार शून्य. दक्षिणेकडे पाऊस जमिनीत मुरून गुहांत उतरतो, उत्तरेला मात्र ओढे जमिनीवरून वाहताना दिसतात. वेट प्राँगच्या वाटेवर ओढा ओलांडायचा होता, पाणी गुडघ्याखाली, तळाला सपाट दगड. सर्जाने आधी नाक लावलं, एक खूर आपटून पाहिला, आणि मग मधोमध उभा राहून सगळ्यांना भिजवलं. कॉली रिज त्या मानाने सरळ धारेवरची, नवख्यांना चालेल.

गुहेचा दिवस तिसरा. घोड्यांपाशी बसायला बाईंच्या पोरीला नऊला बोलावलं होतं. आम्ही बूट घालून तयार, पोरीचा पत्ता नाही. मनात तिला बरंच बोलून झाल्यावर लक्षात आलं की नवऱ्याच्या मनगटावर इंडियानाचं घड्याळ आहे. इथे सेंट्रल टाइम, तासभर मागे. तुम्ही ईस्टर्नमधून येणार असाल तर गुहेचं तिकीट काढताना हे आधी डोक्यात ठेवा. ट्रेलर कॅम्पवर सोडून नुसती गाडी ग्रीन नदीवरच्या फेरीबोटीवर घातली. तारेच्या आधाराने चालणारी ती चिमुकली फेरी दोन-चार मिनिटांत पलीकडे नेते, पैसे नाहीत. पाणी फार चढलं किंवा फार उतरलं की बंद असते, मग ब्राउन्सव्हिलवरून वळसा.

गुहेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. 420 मैलांहून जास्त मोजून झालीय, आम्ही त्यातले दोन चाललो, 540 पायऱ्या, आत बारा अंश. 1838 मध्ये गुलाम म्हणून इथे आणलेल्या स्टीफन बिशपने कंदिलाच्या उजेडात ज्या खोल खड्ड्यापलीकडे जाऊन दाखवलं, तो बॉटमलेस पिट पाहताना माझे पाय गार पडले. बाहेर येताना, वटवाघळांना मारणारी बुरशी बुटांवरून पसरू नये म्हणून ओल्या चटयांवरून चालावं लागतं.

परतलो तेव्हा पोरगी उलट्या बादलीवर बसून गृहपाठ करत होती. घोडे सावलीत, एक पाय ढिला सोडून डुलक्या काढत होते. तिने वहीचं पान फाडून दिलं: सर्जा, पाणी दीड बादली, 11:10 ला लीद, नीट. जिंजर, अर्धी बादली, 12:40 ला लीद, नंतर गवत. एक वाजता ट्रकच्या आवाजाला दोघंही बिचकले, पाच मिनिटांत शांत. खाली तिची सही.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड दोरीचा आणि नदीचा कापलाय. एप्रिलचं बुकिंग केलंय, आमची दोरी घेऊन. पोरीला त्या आठवड्यात सुट्टी आहे का, हे आधी विचारून घेतलं.