मृत्युपत्र घरीच लिहायचं की वकिलाकडून रजिस्टर?

घणसोलीच्या मैत्रिणीला दुसरं बाळ होतंय, फ्लॅटवर लोन आहे, आणि ती यातच अडकलीय. खर्च बघाल तर घरी कागद-पेनात भागतं, स्टॅम्प ड्युटी नाहीच, फक्त तुम्ही सही करायची आणि ती पाहणाऱ्या दोन साक्षीदारांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या (ज्यांना काही मिळणार नाही असे शेजारी बरे). वकिलाची फी आधीच विचारा. रजिस्ट्रेशन (सब-रजिस्ट्रार कार्यालयात नोंदणी) सक्तीचं नाही, पण उद्या कुणी सही खोटी म्हटलं तर ते कामी येतं. बदलायला घरचं सोपं, नवीन लिहून 'आधीचं रद्द' टाकायचं. कुठलंही करा, 'यापुढे होणारी अपत्यं' आणि मुलांचा पालक कोण हे लिहाच! एकच फ्लॅट, घरात वाद नाही, तर घरचं पुरे. गावच्या जमिनीत भाऊबंद असतील तर वकील आणि रजिस्टरच.