मेलची सेटिंग 'आधीच भरलेली' होती, त्यात माझ्या डाळीचे पैसे गेले

5,89,440 रुपये. 120 कट्टे तूरडाळ म्हणजे साठ क्विंटल, भाव 9,800, वर हमाली 1,440. माल हैदराबादच्या पार्टीला पोचला, पार्टीनं आरटीजीएसही केलं, आणि पैसे पडले भलत्याच माणसाच्या खात्यावर. बिल माझं, बिल नंबर माझा, मेलचा पत्ताही माझाच. फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी दुसरा. खरं बिल मिळवायचं, त्यात खातं बदलायचं आणि आपल्याच नावानं पार्टीला मेल करायचा, ही चाल आता सगळ्यांना ठाऊक आहे, जास्त सांगत बसत नाही. पण मोंढ्यात जो तो विचारतो, "शेठ, मेल हॅक झाला म्हणे?" नाही झाला. माझ्या मेलमध्ये कुणी शिरलंच नाही, त्याची गरजच पडली नाही.

बिलिंगचं सॉफ्टवेअर 18,500 ला घेतलं होतं. बसवायला आलेला पोरगा म्हणाला, "मालक, तुम्हाला काहीच करायचं नाही, मेलचं सगळं आधीच भरलेलं असतं." भरलेलं म्हणजे काय, ते आता पाठ झालंय: सर्व्हर विक्रेत्याचा, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) 25, सुरक्षा 'नाही', सर्टिफिकेट (म्हणजे सर्व्हर खरा असल्याचा दाखला) तपासायच्या चौकटीतली खूण काढलेली, यूजर आयडी आणि पासवर्डही विक्रेत्याचाच. पाठवणारा म्हणून तेवढा आमच्या डोमेनचा, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या आमच्या नावाचा, पत्ता टाकला. बटण दाबलं की बिल जायचं. पोर्ट 25 हे सर्व्हरनं दुसऱ्या सर्व्हरकडे मेल पोचवण्यासाठी असतं आणि आपल्यासारख्यांच्या सॉफ्टवेअरनं 587 किंवा 465 वापरायचं असतं, हे डाळमिलवाल्यानं कुठून शिकायचं? मी पैसे मोजले ते हेच दुसऱ्यानं बघावं म्हणून.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं अजून झोप लागत नाही. याच पार्टीच्या मुनीमजींचा पूर्वी एकदा फोन आला होता. म्हणाले, तुमची बिलं स्पॅममध्ये पडतात, आणि उघडलं की नावाशेजारी प्रश्नचिन्ह दिसतं. मी लगेच विक्रेत्याला फोन लावला. तिकडून उत्तर, "सगळ्यांचंच तसं होतं साहेब. पार्टीला सांगा, 'नॉट स्पॅम' दाबा." आणि मी सांगितलं. एका पार्टीला नाही, झाडून सगळ्या पार्ट्यांना स्वतः फोन करून सांगितलं, की आमचं बिल स्पॅममध्ये बघत जा, प्रश्नचिन्ह असलं तरी घाबरू नका, ते आमचंच असतं.

ते प्रश्नचिन्ह म्हणजे जीमेल सांगत होतं, की हा मेल खरंच या पत्त्याच्या मालकानं पाठवला का, हे मला पडताळता येत नाही. आमच्या डोमेनवर एसपीएफची नोंद नव्हती, म्हणजे आमच्या नावानं कुठल्या सर्व्हरनं मेल पाठवायचा हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. डीकेआयएमची सही, म्हणजे मेल आमच्याच डोमेनचा आहे आणि वाटेत बदलला नाही याची डिजिटल खूण, नव्हती. डीमार्क, म्हणजे या तपासण्या नापास झाल्या तर मेलचं काय करायचं हे सांगणारी नोंद, तीही नव्हती. फेब्रुवारी 2024 पासून गूगलनं जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक तरी सक्तीचं केलंय, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. सॉफ्टवेअर विकून पोट भरणाऱ्याला हे माहीत नसावं? दुकानदारानं खऱ्या नोटाही फाटक्याच द्यायचा पायंडा पाडला, तर खोटी फाटकी नोट ओळखणार कोण? आमची खरी बिलं प्रश्नचिन्हासकट स्पॅममध्ये जात होती. खोटं बिलही तसंच गेलं. मुनीमजींनी सवयीनं उचललं.

तरी त्या माणसानं विचारलं होतं, खातं बदललं का म्हणून. मेललाच उत्तर देऊन विचारलं. पण त्या मेलमध्ये उत्तराचा पत्ता वेगळा घातलेला होता, आमच्या डोमेनसारखाच दिसणारा, एका अक्षराचा फरक. तिकडून झटक्यात उत्तर, "हो, जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे." शुक्रवारी पैसे गेले. सोमवारी मी तगादा लावला तर हैदराबादचा शेठ म्हणतो, "पेमेंट तो डाल दिया, सेठ." खातं बदलल्याचा मेल आला तर त्याच मेलला उत्तर देऊन कधी विचारू नका. आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावा.

बिल त्या भामट्याच्या हाती कसं लागलं, हे कुणी लिहून द्यायला तयार नाही. मला दिसतं ते असं: विक्रेत्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना तो एकच आयडी आणि एकच पासवर्ड. सेटिंगच्या खिडकीत डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की पासवर्ड उघडा दिसायचा. आणि त्या आयडीच्या मेलपेटीत प्रत्येकाच्या बिलाची प्रत. कुठल्या गावातल्या कुठल्या दुकानातल्या कुणी ती उघडली, देव जाणे.

आता मदतीचं ऐका. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार नोंदली गेली, समोरच्या खात्यात तोवर उरलेले 41,300 रुपये गोठवले. (तासाभरात कळवलं असतं तर जास्त अडले असते. असं काही झालं तर आधी 1930, मग रडारड.) ते 41,300 ही अजून हाती नाहीत, बँक म्हणते कोर्टाचा आदेश आणा. दुसरी बँक म्हणते, तुमच्या खात्यातून पैसे गेलेच नाहीत तर तुमची तक्रार कसली? रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक दाखवलं, तर ते म्हणे ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारासाठी, इथे पार्टीनं स्वतः पैसे पाठवलेत. ठाण्यात गेलो. कुठलं ठाणं ते लिहीत नाही, पुन्हा तिथेच जायचंय. तिथे, "पैसे हैदराबादचे, तिकडे जा." हैदराबादवाले, "बिल महाराष्ट्रातलं, तिकडे जा." 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची. कागद पुढे ठेवला. "तुम्ही वकील आहात का?" आयटी कायद्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्याच दर्जाचा अधिकारी करतो, आणि निरीक्षक साहेब कायम बंदोबस्तावर. एका जमादारानं तर विचारलं, मेल कशाला पाठवता, बिल व्हॉट्सॲपवर टाकायचं ना! ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली वस्तू, तुम्ही ग्राहक ठरणं अवघड. आणि विक्रेता करारातली ओळ दाखवतो: ई-मेलची जबाबदारी वापरणाऱ्याची.

शेवटी पार्टीशी तोडपाणी झालं. बुडालेल्या 5,48,140 चे निम्मे त्यांनी सोसले, निम्मे मी. 2,74,070 रुपये, आणि गोठलेले 41,300 माझ्याच डोक्यावर.

पैसे पाठवणाऱ्यांनो, 1 एप्रिल 2025 पासून आरटीजीएस, एनईएफटी करण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं बँकांना करायला लावली आहे. नाव वाचा. पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावरच, वर मिलचं नाव लिहिलं म्हणून काही होत नाही.

सॉफ्टवेअर घेताना मेलचे रकाने कोरे असलेलंच बरं. रकाना रिकामा असेल तर त्यानं मेल पाठवायला नकार द्यावा, दुसऱ्याच्या पेटीतून गुपचूप पाठवू नये. सुरक्षित जोडणी जमली नाही तर उघड्यावर पाठवण्यापेक्षा अडलेलं परवडतं. पेटी आपली, पासवर्ड आपला. जीमेल असेल तर टू-स्टेप (पासवर्डशिवाय दुसरी खात्री) चालू करून फक्त या सॉफ्टवेअरसाठी सोळा अक्षरी ॲप पासवर्ड घ्या, नेहमीचा देऊ नका. सर्टिफिकेट तपासणी बंद करायला सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. डीमार्क आधी 'नन'वर (काहीच अडवू नका) ठेवून अहवाल बघतात हे खरं, पण तिथंच ठेवलं तर खोटा मेल अडत नाही. आपले मेल नीट पास होतायत असं दिसलं की 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट' (घेऊच नका). तपासायला स्वतःलाच एक बिल पाठवा, जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडा, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

आणि काहीही दुरुस्त करण्याआधी सेटिंगच्या खिडकीचा फोटो काढा. माझ्या तक्रारीनंतर विक्रेत्याचा माणूस 'मदत करतो' म्हणून रिमोटवर आला आणि दहा मिनिटांत पोर्ट, पासवर्ड, चौकटी सगळं बदलून गेला. आता ठाण्यात एकच विचारतात, आधी काय होतं ते दाखवा.