स्ट्रायकर नेमका कोणाचा, क्लबचा की देशाचा?

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, मार्च. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी फुटबॉलची क्लब लीग थांबली की हा वाद ठरल्यासारखा पेटतो. कुठल्यातरी स्ट्रायकरचं, म्हणजे गोल करायची जबाबदारी असलेल्या आघाडीच्या खेळाडूचं, नाव राष्ट्रीय संघाच्या यादीतून गळतं, मांडीचा स्नायू दुखावल्याचं कारण दिलं जातं, आणि पुढच्या शनिवारी तोच गडी क्लबच्या शर्टात नव्वद मिनिटं धावताना दिसतो. मग अर्धी मंडळी त्याला गद्दार ठरवतात आणि उरलेली अर्धी विचारतात, पगार कोण देतं? एकाच खेळाडूवर दोघे हक्क सांगत असताना आपण कोणाच्या बाजूने बोलायचं, हे तुम्ही अजून ठरवत असाल तर हा मजकूर तुमच्यासाठी. माझं ठरून बरीच वर्षं झाली, त्यामुळे तराजू अगदी सरळ धरेन असं वचन देत नाही.

क्लबची बाजू आधी घेतो, कारण ती वरवर पाहता जास्त भक्कम आहे. स्ट्रायकर घडतो तो क्लबच्या मैदानावर, रोजच्या सरावात. पासिंगची सवय, कडेने धावणाऱ्या विंगरशी जमलेला मेळ, गोलसमोरचा शांतपणा हे वर्षातून पाच-सहा वेळा भरणाऱ्या राष्ट्रीय शिबिरात येत नाही. शिवाय जोखीमही क्लबच उचलतो. 2006 च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला मायकेल ओवेनचा गुडघा मुरगळला, तो गवतावरून सरपटत रेषेबाहेर आला आणि त्याच्या क्लबचा, न्यूकॅसलचा, पुढचा जवळजवळ अख्खा हंगाम त्याच्याविना गेला. खेळत होता इंग्लंडसाठी, किंमत मोजली न्यूकॅसलने. या प्रकरणावरून भरपाईचा बराच वाद झाला. 2012 पासून फिफाची विमा योजना आहे: दुखापत 28 दिवसांहून जास्त लांबली तर क्लबला पैसे मिळतात, एका दुखापतीला कमाल 75 लाख युरो. पैसे मिळतात हे खरं, पण पैशाने फेब्रुवारीत गोल होत नाहीत.

आणि क्लबवर जीव लावणारे स्ट्रायकर काही कमी झाले नाहीत. 1993 मध्ये फिओरेंतिना खालच्या विभागात घसरली तेव्हा गाब्रिएल बातिस्तुता तिथेच राहिला. अर्जेंटिनाचा पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर इटलीच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला आणि क्लबला परत वर घेऊन आला. पुढे 2000 मध्ये तो रोमाला गेला आणि जुन्या क्लबविरुद्ध गोल केल्यावर मैदानातच रडला. अॅलन शिअररने तर सरळ निवडच केली. 2000 च्या युरोनंतर, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने इंग्लंडचा शर्ट उतरवला. 63 सामन्यांत 30 गोल त्याच्या नावावर होते आणि संघात त्याची जागा कोणी घेतली नव्हती. नंतर सहा वर्षं तो न्यूकॅसलसाठी खेळला आणि क्लबसाठी एकूण 206 गोलांवर थांबला. या निर्णयाबद्दल मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. त्याने युरोच्या काही महिने आधीच जाहीर केलं होतं, मांडीच्या स्नायूआड लपला नव्हता.

इथवर वाचून कोणालाही वाटेल, क्लबचीच बाजू घ्यावी. मीही बरीच वर्षं तशीच घेत होतो. मला तिथून हलवलं ते एका गोष्टीने, आणि ती स्ट्रायकरांची नव्हे, आम्हा चाहत्यांची आहे. क्लबची बाजू घेतली की आपल्याच आवडत्या खेळाडूचा देश हरावा असं वाटायला लागतं.

जानेवारी-फेब्रुवारीत आफ्रिका चषक किंवा आशिया चषक असला की हे फार जवळून बघायला मिळतं. फेब्रुवारी 2024, कतार, आशिया चषकाची उपांत्य फेरी, दक्षिण कोरिया विरुद्ध जॉर्डन. कोरियाने हा चषक शेवटचा जिंकला 1960 साली. सोन ह्युंग-मिन कर्णधार, उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली. त्याआधीचे दोन्ही बाद फेरीचे सामने 120 मिनिटांपर्यंत लांबलेले, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध जादा वेळेत याच्याच फ्री किकने संघ वाचलेला. तो किती दमलाय हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं. त्या दिवशी कोरियाला गोलजाळ्याच्या दिशेने एकही फटका मारता आला नाही. जॉर्डनचा दुसरा गोल झाला आणि माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने टाळी वाजवली. जॉर्डनशी त्याचं काही नातं नव्हतं. तो सोनच्या तेव्हाच्या क्लबचा, टॉटनहॅमचा चाहता, सोनचं नाव पाठीवर असलेला शर्ट अंगात. म्हणाला, ‘‘चला, शनिवारी येतोय आपला गडी.’’

पडद्यावर सोन मान खाली घालून उभा होता, नंतर त्याने कॅमेऱ्यासमोर देशवासीयांची माफी मागितली. शनिवारी तो खरंच आला. ब्रायटनविरुद्ध बाकावरून उतरला आणि 96 व्या मिनिटाला त्याच्या पासवर ब्रेनन जॉन्सनने विजयी गोल केला. मित्राचा हिशेब चोख निघाला. तो माणूस म्हणून वाईट आहे अशातला भाग नाही. क्लबच्या तर्काने विचार केला तर टाळी वाजवणंच बरोबर ठरतं. मला खटकलं ते नेमकं हेच. ज्याच्या नावाचा शर्ट आपण घालतो त्याच्या आयुष्यातल्या मोठ्या दुःखांपैकी एकावर आपण खूश व्हायचं, ही कसली निष्ठा? तेव्हापासून असे सामने बघताना आजूबाजूला कान देतो. जवळपास प्रत्येक स्पर्धेत कोणीतरी कोणाच्या तरी देशाच्या हरण्याची वाट बघत असतं. उलट दिशेने असं होताना मला फारसं दिसलं नाही. राष्ट्रीय संघाचा चाहता स्ट्रायकरच्या क्लबवर वैतागतो, ‘‘एवढे सामने खेळवून दमवतात’’ म्हणून कुरकुरतो, पण क्लब हरावा म्हणून देव पाण्यात घालून बसत नाही. हा काही पाहणीचा निष्कर्ष नव्हे, माझ्या डोळ्यांना दिसलेलं सांगतोय. तुमच्या ओळखीचे चाहते कदाचित जास्त समंजस असतील.

एकदा हे खुपायला लागलं की क्लबच्या निष्ठेतल्या बाकीच्या फटीही दिसायला लागतात. मुख्य म्हणजे ती एकतर्फी असते. निष्ठा मागणारा क्लब खेळाडूला विकू शकतो, हिशेब बसला नाही तर सोडूनही देऊ शकतो. 2021 चा उन्हाळा आठवा. जुलैत मेस्सीने माराकानावर ब्राझीलला 1-0 हरवून कोपा अमेरिका जिंकला, अर्जेंटिनाच्या मुख्य संघासोबत त्याची पहिलीच मोठी ट्रॉफी. त्याच अर्जेंटिनात वर्षानुवर्षं ‘हा बार्सिलोनासाठी जीव तोडतो, आपल्यासाठी नाही’ असं त्याला ऐकवलं गेलं होतं. 2016 मध्ये चिलीविरुद्ध पेनल्टी हुकली तेव्हा वैतागून त्याने निवृत्तीही जाहीर केली होती. जुलैत देशाने त्याला खांद्यावर घेतलं, आणि ऑगस्टमध्ये त्याच्या बार्सिलोनाकडून पगाराच्या मर्यादेमुळे त्याची नोंदणी होऊ शकली नाही. पोरवयापासून जिथे वाढला तो क्लब त्याने नाक पुसत सोडला. देशाने त्याला छळलं, बोल लावले, पण विकू शकला नाही.

देशाची बाजू घ्यायची तर माझ्यासाठी मात्र मोजमाप मेस्सी नाही, जॉर्ज वेआ आहे. 1995 चा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार जिंकलेला, मिलानचा स्ट्रायकर, आणि देश कुठला तर यादवी युद्धात होरपळणारा लायबेरिया. राष्ट्रीय संघाकडे प्रवासाला पैसे नव्हते, शर्ट नव्हते. खर्च वेआने स्वतःच्या खिशातून केला, पुढे प्रशिक्षकाचं कामही अंगावर घेतलं. विश्वचषक त्याला कधीच खेळायला मिळाला नाही. 2002 साठी थोडक्यात हुकला. क्लब बदलून तो जगातल्या कुठल्याही मोठ्या संघात जाऊ शकत होता आणि जातही होता. देशाच्या बाबतीत ती सोय नाही, जो मिळाला त्याच्यासोबत निभवावं लागतं. (दिएगो कोस्ताने ब्राझीलसाठी दोन मैत्रीपूर्ण सामने खेळून स्पेनची वाट धरली, तशी पळवाट नियमात आहे म्हणा. 2014 मध्ये ब्राझीलच्याच मैदानांवर त्याच्या प्रत्येक स्पर्शाला शिट्ट्या बसल्या.)

यावर क्लबवाले हमखास आयव्हरी कोस्टच्या आणि चेल्सीच्या द्रोग्बाचं उदाहरण देतात, आणि ते मला खरंच अडचणीत टाकतं. 2012 फेब्रुवारी, आफ्रिका चषकाचा अंतिम सामना, झांबियाविरुद्ध नियमित वेळेत त्याची पेनल्टी बारवरून गेली आणि आयव्हरी कोस्ट शूटआउटमध्ये हरलं. त्याच वर्षी मे महिन्यात म्युनिकमध्ये, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, 88 व्या मिनिटाला त्याच्या हेडरने चेल्सी जिवंत राहिली आणि शेवटची पेनल्टीही त्यानेच मारली. मग तो चेल्सीला जास्त निष्ठावान होता का? गोल आणि करंडक मोजले तर तसंच उत्तर येतं. पण 2005 मध्ये विश्वचषकाची पात्रता मिळाल्यावर ड्रेसिंग रूममध्ये गुडघे टेकून, कॅमेऱ्यासमोर, शस्त्रं खाली ठेवा अशी विनवणी त्याने आपल्या देशवासीयांना केली, आणि 2007 मध्ये राष्ट्रीय संघाचा सामना बंडखोरांच्या बुआके शहरात झाला. क्लबच्या शर्टात हे करता आलं नसतं. स्ट्रायकरची निष्ठा गोलसंख्येत शोधू नये एवढंच मी यावरून घेतो.

काही प्रसंगी मी तरीही क्लबच्या बाजूने बोलतो, तेही सांगायला हवं. फिफाच्या ठरलेल्या खिडकीत, म्हणजे राष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या काळात, क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. खेळाडूने नकार दिला तर राष्ट्रीय संघटना त्याला तो काळ आणि वर पाच दिवस क्लबकडूनही खेळू देणार नाही असा आग्रह धरू शकते. खिडकीबाहेर मात्र सगळा मामला मनधरणीचा. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी मेस्सीला सोडायला बार्सिलोना बांधील नाही असा निकाल क्रीडा लवादाने दिला, तरी प्रशिक्षक ग्वार्दिओलाने जाऊ दिलं आणि तो सुवर्णपदक घेऊन आला. 2023 च्या हांगझोऊ एशियाडला भारतीय क्लबांनी मूळ यादीतले बरेच खेळाडू सोडले नाहीत. घाईने जमवलेला संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पोचला आणि चीनकडून 5-1 हरला. 39 वर्षांचा सुनील छेत्री त्या संघात होता. मला राग आलाच, पण करार बघितला तर क्लबांचं चुकलं असं म्हणता येत नाही. तसंच हंगाम संपल्यावर जूनमधल्या एखाद्या निरर्थक मैत्रीपूर्ण सामन्यातून दमलेला स्ट्रायकर बाहेर राहिला तर त्याला झोडपू नये. नियम साधा ठेवलाय: पात्रता फेरी किंवा मोठी स्पर्धा असेल तर देश, बाकी वेळी क्लबचं ऐकून घ्यायचं.

तुमचं नातं क्लबशी पिढीजात असेल, दर आठवड्याला स्टँडमध्ये तीच जागा असेल, तर माझा हा सगळा हिशेब तुम्हाला लागू पडणार नाही, आणि पडावा असा आग्रहही नाही. पण माझ्यासारखे दुरून, पडद्यावर क्लब निवडलेले असाल, तर एवढं करून बघा: पुढच्या आफ्रिका किंवा आशिया चषकात तुमच्या क्लबच्या स्ट्रायकरचा देश बाद फेरीत मागे पडला असताना, शेवटच्या दहा मिनिटांत तुमचं मन कोणाकडून आहे ते तपासा. बरोबरीचा गोल व्हावा असं वाटलं, तर तुम्ही कोणाच्या बाजूचे हे तुम्हाला कळलंच असेल.