आठ महिने भिंतीवर: एका छोट्या स्टुडिओच्या पाच प्रिंट्सचा अनुभव

नवीन चित्र भिंतीवर लावलं की पहिले चार दिवस ते छानच दिसतं. म्हणून मी लिहायची घाई केली नाही. आता आठ महिने झालेत. पाचही प्रिंट्स रोज डोळ्यांसमोर आहेत, घरात चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं आहेत, मधले दोन महिने हवा चांगलीच दमट होती. आता जे सांगेन ते खात्रीने सांगता येईल.

स्टुडिओ एका जोडप्याचा आहे. ती चित्रं काढते, तो छपाई आणि पाठवणी बघतो. प्रत्येक पार्सलमध्ये एक लहान कार्ड असतं आणि ते चित्र कुठून सुचलं हे त्यावर चार ओळींत लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा ते त्यांच्याच घरातून सुचलेलं असतं. दाराशी पडलेले सगळ्यांचे जोडे. दोरीवर वाळत घातलेले कपडे, त्यात एकच मोजा. टेबलाखाली झोपी गेलेलं मूल आणि त्याच्या पायाशी मांजर. उघड्या वर्तमानपत्रावर ठेवलेला आजीचा चष्मा. पाचवी प्रिंट मुळाक्षरांची, प्रत्येक अक्षरासोबत एक प्राणी.

एका कार्डावर कार्ल लार्सन या स्वीडिश चित्रकाराचा उल्लेख होता, म्हणून मी त्याची चित्रं शोधून पाहिली. सुंडबोर्न गावातलं त्याचं घर १८८८ साली बायकोच्या, कारिनच्या, वडिलांनी त्यांना दिलं आणि पुढे तेच घर, तीच मुलं त्याच्या जलरंगांचा विषय झाली. चित्रात दिसणारे पडदे, विणकाम, काही फर्निचर हे कारिनचं स्वतःचं काम. ती स्वतःही चित्रकलेचं शिक्षण घेतलेली. हे कळल्यावर या स्टुडिओच्या चित्रांतली एक गोष्ट उलगडली. त्यांच्या चित्रांतल्या घरात वस्तू सजावटीसाठी मांडून ठेवलेल्या दिसत नाहीत, नुकतंच कुणीतरी तिथून उठून गेलंय असं वाटतं. विल्यम मॉरिस या इंग्रज नक्षीकाराने १८८३ मध्ये बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या पळवणाऱ्या पक्ष्यांवरून कापडाचा एक नमुना केला, तोही याच जातीचा. रोजची कटकट नीट पाहिली की तिचं चित्र होतं. मला हे फार आवडतं.

आता कागद आणि शाई. पाचपैकी चार मोठ्या प्रिंट्स ३१० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३१० ग्रॅम भरणाऱ्या, कॉटन कागदावर आहेत. हात लावल्यावर जाड, मऊ, किंचित खरबरीत. पोस्टरसारखी चकाकी नाही, त्यामुळे समोर दिवा असला तरी चित्र दिसतं. वेबसाइटवर ‘जिक्ले’ असा शब्द होता. त्याने बिचकू नका. १९९१ साली जॅक डुगान यांनी फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो घडवला, आणि तो चांगल्या प्रतीच्या इंकजेट छपाईसाठी वापरतात. शब्द नुसता लिहिलेला असून भागत नाही. शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची, आहे का आणि कागद आम्लमुक्त आहे का, हे दोन प्रश्न विचारा. या स्टुडिओने दोन्हींची उत्तरं त्याच दिवशी, नेमकी दिली.

पिगमेंटचा फरक मी घरातच पाहिला. खिडकीसमोरच्या भिंतीवर आधी एक साधं पोस्टर होतं. वर्षभरात ते निळसर पडलं. स्वस्त शायांमधले किरमिजी आणि पिवळा आधी उडतात, निळा मागे राहतो. त्याच जागी आता दोरीवरच्या कपड्यांची प्रिंट आहे. गेल्या आठवड्यात फ्रेम उघडून माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कडा आणि उघडा भाग शेजारी ठेवून पाहिले. माझ्या डोळ्यांना काहीच फरक दिसला नाही. आठ महिने म्हणजे काही फार नाहीत, पण ते पोस्टर इतक्या वेळात फिकटायला लागलं होतं. तरी थेट ऊन लागणारी जागा मी आता कुठल्याच चित्राला देणार नाही.

रंगांबाबत एक निराशा झाली. मांजराच्या चित्रातला केशरी रंग फोनवर पेटल्यासारखा दिसत होता, कागदावर तो एक पायरी शांत आहे. फोनचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद नुसता परत पाठवतो, आणि झगझगीत केशरी-हिरवे शाईत तितके उतरतच नाहीत. आता मला तोच शांत केशरी बरा वाटतो, पण खरेदी करताना फोनचा उजेड कमी करून बघा.

ए-फोर आकाराची जोड्यांची प्रिंट रिसोवर छापलेली आहे आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मी ती सदोष समजून जवळजवळ परत केली होती. रिसोग्राफ हे दिसायला झेरॉक्स मशीनसारखं जपानी यंत्र. एका ड्रममध्ये एकच रंग. दुसरा रंग हवा तर कागद पुन्हा यंत्रातून काढायचा. दोन्ही वेळा कागद अगदी त्याच जागी बसत नाही, म्हणून लाल जोड्याच्या कडेला बारीक पांढरी फट राहिली आणि निळा एका बाजूला किंचित बाहेर आला. मी फोटो पाठवला. त्यांनी न रागावता समजावलं, बदलून द्यायचीही तयारी दाखवली. मी ठेवून घेतली. आज ती फट झाकली तर चित्र मला अपुरं वाटेल. मात्र रिसोची शाई तेलकट असते, कागदात मुरते पण पूर्ण वाळत नाही. लेकीने फ्रेम करायच्या आधी अंगठा टेकवला तो खालच्या कोपऱ्यात लाल उमटला आहे. लहान मुलं असतील तर रिसो प्रिंट काचेविना एक दिवसही ठेवू नका.

फ्रेमिंगमध्ये चूक माझी. घाईत चष्म्याची प्रिंट तयार फ्रेममध्ये थेट काचेला टेकवून बसवली. दमट दिवसांत एका जागी कागद काचेला चिकटला. हळूहळू सुटला, पण आडवं धरलं की तिथे रुपयाएवढा गुळगुळीत डाग दिसतो. मध्ये माउंट असता तर काच आणि कागदात जागा राहिली असती. दुसरं, साध्या फ्रेमवाल्यांकडे मागे तपकिरी पुठ्ठा लावतात. त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरतं आणि कडा पिवळ्या पडतात. आम्लमुक्त बोर्ड मागून घ्या. चिकटवताना फक्त वरच्या कडेला कागदी पट्ट्या, सेलोटेप अजिबात नको. कागद हवेनुसार फुगतो, आखडतो. चारही बाजू पक्क्या केल्या तर लाटा येतात. मुलांच्या खोलीत काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं. त्यावर चरे लवकर पडतात, पण चेंडू लागून ते फुटलं नाही, आणि चेंडू तीनदा लागला आहे.

स्टुडिओबद्दल माझ्या तक्रारी दोन. त्यांच्या मोठ्या प्रिंट्स ए-थ्री, म्हणजे २९.७ बाय ४२ सेंटिमीटर. दुकानात तयार मिळणारी फ्रेम बहुधा ३० बाय ४०. दोन सेंटिमीटरसाठी चित्र बसत नाही आणि फ्रेम करवून घ्यावी लागते. हे त्यांनी ऑर्डर करतानाच ठळक सांगायला हवं. दुसरी, जाड कागद अरुंद नळीत गुंडाळून येतो. सपाट व्हायला वजनाखाली पाच दिवस लागले. सपाट पुठ्ठ्यात पाठवायचा पर्याय असावा, त्याचे जास्तीचे पैसे मी आनंदाने देईन.

मुळाक्षरांची प्रिंट मी पुन्हा घेणार नाही. छपाई तितकीच चांगली, पण ती विकण्यासाठी काढलेली वाटते. प्राणी सगळे समोर बघतात, एकाच हसऱ्या चेहऱ्याने. मुलांनी दोन आठवड्यांत तिच्याकडे बघणं सोडलं. उलट जोड्यांच्या चित्रासमोर लेक अजून उभी राहते आणि कोणता जोडा कोणाचा हे दर वेळी नव्याने ठरवते. ही चित्रं आम्ही मुद्दाम खाली टांगली आहेत. संग्रहालयात चित्राचा मध्य साधारण दीड मीटरवर ठेवतात, आम्ही एक मीटरवर ठेवला. मोठ्यांना वाकावं लागतं. मुलं मात्र चित्रासमोर थांबतात. मुलाने टेबलाखालच्या मांजराचं स्वतःचं चित्र काढलं, त्यात झोपलेलं मूल काढून तिथे स्वतःची सायकल ठेवली.

चष्म्याची प्रिंट सासूबाईंच्या खोलीत आहे. त्यांना ‘विकतची चित्रं’ फारशी पटत नाहीत. लावली त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने संध्याकाळी मला हाक मारून म्हणाल्या, “हिने चष्मा पालथा ठेवलाय बघ, काचा खाली. मीही असाच ठेवते आणि तू मला ओरडतेस.” मी नीट पाहिलं. खरंच काचा खाली होत्या, आणि एका काचेच्या कडेतून वर्तमानपत्रातली एकच ओळ मोठी दिसत होती. इतके दिवस मी ती पाहिलीच नव्हती. काचेचा डाग आहे म्हणून मी ती प्रिंट बदलून आणू का विचारलं, तर त्यांनी नाही म्हटलं.

सातव्या महिन्यात लेकीला हरवलेला मोजा सापडला. दोरीवर एकच आहे ना, दुसरा टेबलाखाली झोपलेल्या मुलाच्या मुठीत आहे, तेच पट्टे, तोच हिरवा. दोन चित्रं दोन वेगळ्या खोल्यांत होती आणि कार्डावर याबद्दल एक अक्षरही नाही. मी स्टुडिओला कळवलं. उत्तर आलं की त्यांच्या धाकट्याने ही जागा सुचवली होती आणि आम्ही कळवल्याचं त्याला सांगितलं आहे. आता लेकीच्या हट्टाने दोन्ही फ्रेम एकाच भिंतीवर आल्या आहेत, खिडकीपासून लांब, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर.