जाळ्यात कधीच न आलेली वाम: ईडीएनए किट वापरून पाहिल्यावर

सहा वर्षं आम्ही या तळ्यात जाळं टाकून मासे मोजतोय. वाम एकदाही मिळाली नव्हती. ईडीएनए, म्हणजे जिवांनी पाण्यात सोडलेला डीएनए, शोधणाऱ्या या किटच्या पहिल्याच फेरीत पाण्याच्या पाचपैकी दोन नमुन्यांत तिचा डीएनए निघाला. दिवसा चिखलात दडणारा आणि रात्री बाहेर पडणारा मासा, आमच्या सकाळच्या जाळ्यात येणार कुठून? प्रयोगशाळेच्या अहवालातली ती ओळ मी तीनदा वाचली.

मासा पाण्यात खवले, बुळबुळीत थर, विष्ठा मागे सोडत असतो. त्यातला डीएनए फिल्टरवर अडकवायचा, एवढंच आपलं काम; पुढची तपासणी प्रयोगशाळा करते. पेटीत हातमोजे, बंद डबीतले फिल्टर, ६० मिलीची सिरिंज आणि डीएनए टिकवणारं द्रावण येतं. माहितीपत्रकात प्रत्येक नमुन्याला एक लिटर पाणी गाळा म्हटलंय. काठावरच्या गढूळ पाण्यात ३०० मिलीलाच फिल्टर तपकिरी होऊन तुंबला, सिरिंज दाबून अंगठ्याला वळ उठले. तिथं जोर करू नका, पडदा फाटतो. नवा फिल्टर लावा आणि किती मिली गाळलं ते पिशवीवर लिहा. जादा फिल्टर दोनच दिलेत, हे फार कमी आहेत.

खरी तक्रार प्रयोगशाळेबद्दल आहे. तळ्यावरच शुद्ध पाणी त्याच पद्धतीनं गाळून एक कोरा नमुना पाठवायचा असतो. आमच्या हातांतून, सामानातून काही मिसळलं का, ते त्यावरून कळतं. अहवालात त्याचा निकालच नव्हता! मागितल्यावर चार दिवसांनी आला. कोरा नमुना स्वच्छ निघाला, म्हणून बरं. कारण एका नमुन्यात चक्क समुद्री माशाचं नाव होतं, गोड्या पाण्याच्या तळ्यात. दोष आमच्या हातांचा नाही हे कळल्यावर शोध घेतला, तर त्या जागेच्या वरच्या अंगाला सांडपाण्याचा नाला मिळतो. स्वयंपाकघरातलं पाणी माशाचा डीएनए घेऊन येतं, मासा नाही.

मोजणीसाठी हे किट घेऊ नका. अहवालातले आकडे डीएनएच्या तुकड्यांचे आहेत, माशांचे नाहीत. वय, लिंग, जिवंत की मेलेला, यातलं काही त्यातून कळत नाही. तपासणी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मायफिश प्रायमरनं (माशांच्या डीएनएतला ठरावीक तुकडा पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारा डीएनएचा छोटा धागा) होते. त्यातून १२एस नावाच्या जनुकाचा साधारण १७० अक्षरांचाच तुकडा वाचला जातो, म्हणून अगदी जवळच्या जाती कधी कधी वेगळ्या होत नाहीत. आमच्या दोन जातींची एकच ओळ आली. नदीवर वापरणार असाल तर डीएनए वरून काही किलोमीटर वाहत आलेला असू शकतो, हेही धरून चाला.

तरीही पुढच्या फेरीची मागणी नोंदवली आहे, सहा जादा फिल्टरांसह. आणि वाम मिळालेल्या दोन जागी या वेळी रात्री जाळं लावणार आहोत.